पूर ओसरला की आधी कागद मागा

पुरात टेंडर काढत बसा असं कुणीच म्हणणार नाही, बोट आज लागते, तीन आठवड्यांनी नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चं कलम 50 तेच सांगतं, तातडीच्या खरेदीला टेंडर माफ. पण टेंडर माफ म्हणजे हिशोब माफ नव्हे, आणि नेमकं इथेच आपण गप्प बसतो.

त्याच कलमात दोन कागद आहेत. एक, आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने खरेदीला दिलेली मंजुरी. दुसरा, माल वापरला गेला असं नेमलेल्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र, जे हिशोबात व्हाउचर म्हणून चालतं. म्हणजे एका सहीवर बिल पास होऊ शकतं, मग ती सही कुणाची ते बघायला नको?

माहिती अधिकाराच्या (आरटीआय) अर्जात "एवढा खर्च का झाला" असं विचारू नका, 'का'ला उत्तर येत नाही. मी पहिल्यांदा तेच केलं, वर अख्ख्या तालुक्याचा तक्ता मागितला, महिन्याने एका ओळीचं उत्तर, माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. मग असं लिहिलं: "अमुक ते अमुक तारखेत अमुक गावाला पुरवलेल्या टँकरबाबत कलम 50 खालील मंजुरी आदेश, वापराचं प्रमाणपत्र व लॉगबुक यांच्या साक्षांकित प्रती." आले कागद. लॉगबुकात एका टँकरच्या एका दिवसात अकरा खेपा, आणि त्या दिवशी आमचा रस्ता दुपारपर्यंत पाण्याखाली!

महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत, विषय एकच, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील टाका. 48 तासांत उत्तर देण्याची तरतूद जीविताच्या नाहीतर स्वातंत्र्याच्या प्रश्नासाठी आहे, बिलांसाठी तिचा हट्ट धरू नका.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या मीटिंगचं इतिवृत्तही मागा. कलेक्टर अध्यक्ष आणि झेडपी अध्यक्ष सहअध्यक्ष, म्हणजे आपण निवडून दिलेलं कुणीतरी त्या टेबलावर असायला पाहिजे. (2022 नंतर बऱ्याच झेडप्यांत कितीतरी दिवस प्रशासकच होता, ते वेगळं रडगाणं.) कोण हजर, कोण काय बोललं, बघा.

मग ग्रामसभेत ते लॉगबुक मोठ्याने वाचा, खेपांचे आकडे ठरावात लिहून घ्या, "बघू" म्हटल्यावर उठून जाऊ नका, आणि ठरावाची नक्कल त्याच आठवड्यात मागा.