हरलेल्या पोरांना पुन्हा मैदानावर कसं आणायचं

पोरांना जोश यावा म्हणून मोबाईलवर व्हिडिओ दाखवणं, पेठेच्या इज्जतीची आण घालणं, मोठ्या भावाचं नाव घेऊन डिवचणं, हे सगळं आधी बंद करा. बारा वर्षांचं पोर (पोरीही आल्या यात) फुटबॉलच्या मैदानावर येतं ते बॉल मारायला मिळतो म्हणून. तेवढं मिळत राहिलं की निम्मं काम होतं.

सरावात रांग लावून एकेक शॉट मारायला लावू नका. पाच-पाचच्या टीम पाडा, गोल लहान ठेवा, चार नंबरचा (मोठ्यांच्या बॉलपेक्षा लहान) बॉल द्या आणि खेळू दे.

शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावू नका. या खेळात पळायचंच असतं, त्याचीच चीड कशाला बसवायची?

मॅचआधी प्रत्येकाला एकच काम सांगा, आणि ते त्याच्या हातातलं हवं. ‘गोल मार’ हे काम नव्हे, समोरचा गोलकीपर ते करू देईल असं नाही. ‘बॉल गेला की लगेच मागं पळ’ हे काम.

आता खरी गोची. हरल्यावर काय बोलायचं, हे बसवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आपल्या कोल्हापुरातली पोरं शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या दोन तालमींच्या टीमची मॅच बघत वाढतात, गॅलरीतली ईर्ष्या त्यांच्या आधीच अंगात भिनलेली असते. हरून आलेल्या पोराला गल्लीत संध्याकाळपर्यंत चिडवतात. त्यात कोचनंही तिथंच शाळा घेतली तर पुढच्या सरावाला दोघं-तिघं ‘आजारी’ पडणार, हे लिहून घ्या.

म्हणून शिट्टी झाली की समोरच्यांशी हात मिळवायला लावा, पाणी द्या, बूट काढू द्या. गोल कसे खाल्ले ते मोजत बसू नका. गोलकीपर ऐकत असतो आणि प्रत्येक गोल त्याच्या नावावर चढतो. ‘काही नाही रे, झकास खेळलात’ हेही नको. स्कोअर त्यांना माहीत असतो, खोटं बोललात की पुढचं खरं कौतुकही वाया जातं. पुढचा सराव कधी आहे ते सांगा आणि गप्प बसा. कुणी रडत असेल तर रडू दे. ‘पोरगा असून रडतोस?’ म्हणणाऱ्या माणसाला मी टीमजवळ उभं करत नाही.

बोलायचं ते पुढच्या सरावाला, तेही आधी थोडं खेळून झाल्यावर. ‘कुठं अडलं?’ एवढंच विचारा आणि थांबा. शांतता पसरेल, ती भरून काढायची घाई करू नका, कुणीतरी बोलतंच. ‘कॉर्नरला आमचा माणूस सुटत होता’ असं काही आलं की त्या दिवशीचा खेळ त्यावरच बेता: प्रत्येकानं आपला माणूस धरायचा, कॉर्नर मारत राहायचे. बाकीच्या चुका त्या दिवशी सोडून द्या. जमलं की नेमकं काय जमलं ते नाव घेऊन सांगा. ‘तू तर जन्मजात खेळाडू’ हे वाक्य मला विषासारखं वाटतं. ज्याला ते चिकटतं तो अवघड काही करून बघायचंच सोडतो, फसलं तर ते बिरुद जाईल म्हणून.

मोठ्या खेळाडूची गोष्ट सांगायचीच असेल तर साध्या दिवशी सांगा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरीत सातवा होता, आणि अंतिम फेरीत कांस्यपदक घेऊन आला. पराभवानंतर लगेच ही गोष्ट सांगितली की पोरांना ती टोमण्यासारखी लागते.

पालकांसाठी माझा एकच नियम: गाडीवरून घरी जाताना मॅचचा विषय पोरानं काढला तरच बोला. लाईनवरून ‘मार की लेका!’ ओरडणाऱ्यांना मैदानाच्या पलीकडच्या बाजूला बसवा.

राहता राहिला बाकावरचा पोरगा. बाटल्या भरायचं काम त्याच्या गळ्यात मारू नका. कुठल्या हाफला उतरवणार ते मॅचआधीच सांगा आणि शब्द पाळा. उतरवा तेही मॅच अजून रंगात असताना. चार गोल खाल्ल्यावर उतरवलं तर आपल्याला कशासाठी आणलंय ते त्याला बरोबर कळतं.