आरशातला ब्रॅकेट

मिरकरवाडा बंदरावर बर्फ फोडणाऱ्याचा पोरगा अंतराळ दुर्बिणीच्या कामात कसा, असं गावात अजून विचारतात. "इस्रोत असतोस ना रे?" नाही. मी होतो त्या वर्कशॉपात दुर्बिणीच्या चाचणीची फिक्श्चर्स, म्हणजे भाग घट्ट धरून ठेवणारे साचे, बनत. रत्नागिरीत डिप्लोमा करणाऱ्यांनो, या घरात ओटीवरून नाही, मागच्या पडवीतूनच शिरायला मिळतं. वाईट वाटून घेऊ नका.

अ‍ॅस्ट्रोसॅट हा दुर्बिणी वाहणारा आपला उपग्रह 2015 साली श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्या अतिनील दुर्बिणीचे डिटेक्टर, म्हणजे प्रकाश टिपणारे भाग, कॅनडाचे. क्ष-किरण दुर्बिणीचे आरसे मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे, कॅमेरा इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाचा. अशा कामात सगळा खेळ भोकाला भोक जुळण्याचा.

आणि तिथेच माझा घात झाला. वस्तूच्या बाजू ड्रॉइंगच्या कागदावर मांडायच्या दोन पद्धती. आपण फर्स्ट अँगल शिकतो: टॉप व्ह्यू, म्हणजे वरून दिसणारी बाजू, खाली, डावीकडून दिसणारी बाजू उजवीकडे. अमेरिका-कॅनडात थर्ड अँगल: टॉप व्ह्यू वर, डावी बाजू डावीकडेच. टॉप व्ह्यू वर दिसला की माणूस सावध होतो. माझं शीट थर्ड अँगलचं, पण त्यावर तो नव्हताच. फक्त फ्रंट, आणि त्याच्या डावीकडे एक साइड व्ह्यू. सवयीने मी तो उजव्या बाजूचा धरला. ब्रॅकेट, म्हणजे भाग जोडायची धातूची पट्टी, झाला आरशातल्यासारखा: मापं चोख, भोकं भलत्या बाजूला. इन्स्पेक्शनलाही पास, कारण तपासणाराही आमच्यातच शिकलेला! जोडायला पाहुणे आले तेव्हा उजेड पडला. टायटल ब्लॉकच्या, म्हणजे शीटवरच्या माहितीच्या चौकटीच्या, कोपऱ्यात छाटलेल्या शंकूची नखाएवढी खूण होती; पद्धत कुठली ते तीच सांगते. तीन आठवडे पाण्यात.

आधी ती खूण बघा, मग मापं. खूण नसेल तर मेल टाकून विचारा. मला शंका आली होती, पण 'हे तर पहिल्या सेमिस्टरचं' म्हणतील म्हणून गप्प बसलो. गप्प बसणाऱ्याला या कामात जागा नाही.

नोकरी गेली नाही, तेव्हा घाबरूही नका. हबल या अमेरिकेच्या अंतराळ दुर्बिणीचा आरसा तपासणाऱ्या उपकरणात एक भिंग 1.3 मिलीमीटर सरकलं होतं. आरसा अगदी अचूक घासला गेला, पण चुकीच्या आकारात. 1990 साली वर गेल्यावर कळलं, 1993 साली अंतराळवीरांनी दुरुस्ती केली.

ऑनलाइन 'स्पेस सर्टिफिकेट'वर पैसे उधळण्यापेक्षा महिनाभर लेथवर उभे राहा. आणि 'सोपं आहे रे' म्हणणाऱ्या मार्गदर्शकापासून चार हात लांब. मला खरं शिकवलं आमच्या फिटरकाकांनी: ड्रॉइंग आलं की पुठ्ठा कापायचा, घडी घालायची, हातात फिरवून बघायचा. आंब्याच्या खोक्याचा पुठ्ठा त्याला उत्तम, घडीवर फाटत नाही.