ड्राय बाल्कनीतलं सिंक: घ्यायच्या आधीची तयारी

दुकानात जायच्या आधी या सिंकवर नेमकं काय धुतलं जाणार आहे ते घरात बसून ठरवा. बहुतेक फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनीतल्या, म्हणजे स्वयंपाकघरामागच्या धुण्याभांड्यांच्या बाल्कनीतल्या, सिंकवर सगळंच येऊन पडतं: खरकटी भांडी, वॉशिंग मशीनमध्ये टाकायच्या आधी घासायच्या कॉलर, पोछ्याचं फडकं, झाडांच्या कुंड्या, आणि मासे खाणारं घर असेल तर रविवारची कोळंबी आणि बांगडे. काय धुणार हे ठरलं की आकार, खोली आणि धातू निम्मे ठरतात. रंगरूपाचा विचार त्यानंतर करा, पण तो कराच. बाल्कनीतली जागा मागची आहे म्हणून ती कुरूप ठेवायची, हे मला मुळीच पटत नाही. घरातलं सगळ्यात जड काम तिथे होतं, त्यामुळे ती जागा देखणी असण्याचा हक्क दिवाणखान्याइतकाच आहे.

त्यानंतर तिथे उभं कोण राहणार ते विचारात घ्या. भांडी मावशी घासत असतील तर माप त्यांच्या उंचीचं हवं. ओटा 32 इंचांवर आणि सिंक 10 इंच खोल असेल, तर तळ जमिनीपासून जेमतेम 22 इंचांवर येतो. कुकर घासताना पूर्ण वेळ कमरेत वाकावं लागतं. कॅटलॉगमध्ये खोल सिंक रुबाबदार दिसतं, पाठीला मात्र ते परवडत नाही. साधारण उंचीच्या बाईसाठी 8 ते 9 इंच खोली आणि 34-35 इंचांवर काठ हे माप बरं पडतं. पण माझं ऐकून ठरवू नका, घरी करून बघा. स्टुलावर प्लास्टिकचा टब ठेवा आणि मावशींना त्यात चार भांडी घासायला सांगा. वाकावं लागलं तर टबाखाली एखादा पाट सरकवा. हात सैल राहून भांडी घासता आली की टबाचा तळ जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. सिंकचा तळ तिथेच आला पाहिजे. आणि त्यांनी ‘मला बसूनच बरं वाटतं’ असं सांगितलं, तर उभ्या सिंकचा हट्ट सोडून खाली छान उताराची, गोल काठाची मोरी बांधून घ्या.

आता टेप काढा. भिंतीपासून भिंतीपर्यंतचं माप, दार उघडतं ती बाजू, खिडकीचा कठडा, मशीनची जागा, सगळं कागदावर मांडा. फ्रंट लोड मशीन साधारण 60 सेंमी रुंद आणि 85 सेंमी उंच असतं. त्याच्यावरून ओटा न्यायचा असेल तर ओट्याची वरची पातळी आपोआप 35-36 इंचांपर्यंत जाते. मावशींचं माप त्याच्याशी जुळलं नाही, तर सिंकचा भाग खालच्या पातळीवर घ्या. ओट्याला पायरी पडली तरी वाईट दिसत नाही. दुकानात ‘24 बाय 18’ म्हणतात ते बाहेरचं माप असतं. आतली वाटी लांबी-रुंदीत दोन-तीन इंच कमी भरते. म्हणून घरातली सगळ्यात मोठी परात आणि सणावाराचं पातेलं मोजून आकडा खिशात ठेवा. डबल वाटीच्या मोहात पडू नका. छोट्या बाल्कनीत दोन वाट्या म्हणजे परात कुठेच न मावणं. त्यापेक्षा एक ऐसपैस वाटी आणि शेजारी निथळायला उताराची पाटी घ्या.

धातूच्या बाबतीत मी आग्रही आहे. स्टील घ्यायचं तर 304 ग्रेडचंच, ज्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. स्वस्त सिंकमध्ये बऱ्याचदा 202 असतं. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असल्यामुळे ओलसर जागेत डाग लवकर धरतात. लोहचुंबक लावून हा फरक कळत नाही, कारण दोन्ही चुंबकाला फारसे चिकटत नाहीत. बिलावर ग्रेड लिहून मागा. घरगुती स्टील सिंकसाठी आयएस 13983 हे भारतीय मानक आहे, त्याचाही उल्लेख विचारा. जाडी 1 मिमी किंवा जास्त हवी, आणि खालून रबराचा पॅड चिकटवलेला हवा, नाहीतर नळ सोडला की पत्रा वाजतो. रत्नागिरी-मालवण-गोव्याकडे खाऱ्या हवेत 304 वरही तांबूस ठिपके येतात. तिथे मोलिब्डेनम असलेलं 316 मिळालं तर उत्तम, नाहीतर रोज कोरड्या फडक्याने पुसायची सवय हवी.

स्टील नको असेल तर क्वार्ट्झचं (दगडाचा चुरा रेझिनमध्ये घट्ट बसवून केलेलं) सिंक खरंच सुंदर दिसतं. फक्त बोअरचं पाणी असेल तर काळा रंग टाळा. पाणी वाळलं की पांढरे क्षार त्यावर रांगोळीसारखे उठून दिसतात. राखाडी किंवा वाळूच्या रंगावर ते लपतात. जुन्या पद्धतीचं कडप्प्याचं सिंक मला मनापासून आवडतं. त्या निळसर काळ्या दगडाला पाणी लागलं की जो रंग येतो, तो कुठल्याच क्वार्ट्झला नाही. पण तो चुनखडीचा दगड आहे. त्यावर ॲसिड पडलं की पांढरट चट्टा कायमचा राहतो, आणि लिंबाची फोडसुद्धा रात्रभर राहू द्यायची नाही. संडास-बाथरूमचं ॲसिड स्टीललाही खड्डे पाडतं, म्हणून ती बाटली बाल्कनीतून हलवाच.

कोपरे हात फिरवून बघा. काटकोनी कोपऱ्यांचं सिंक फोटोत झकास दिसतं, पण माशाचे खवले आणि भाताची शितं नेमकी त्याच कोपऱ्यात बसतात आणि तारेची घासणी आत पोचत नाही. बोटाचं टोक सहज फिरेल एवढी गोलाई हवी. पृष्ठभाग चकचकीतपेक्षा मॅट बरा, ओरखडे मिसळून जातात.

नळ भिंतीतला, फिरत्या मानेचा घ्या. बादली भरायला खाली वेगळा नळ ठेवा, कारण 20 लिटरची बादली सिंकमध्ये नळाखाली बसत नाही. मागच्या भिंतीला निदान दोन फूट उंच टाइल लावा, आणि रंगाची हौस तिथे भागवा. गर्द हिरवी किंवा मोरपंखी टाइल स्टीलच्या मागे फार खुलते. मशीनचा प्लग शिंतोड्यांपासून दूर आणि उंचावर हवा.

प्लंबरशी बोलणं राहिलं. सांडपाण्याच्या पाइपला दर मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर उतार हवा आणि ट्रॅपमध्ये (पाइपच्या तोंडाशी पाणी अडवून ठेवणाऱ्या वळणात) निदान 50 मिमी पाणी साचून राहायला हवं. ते नसेल तर नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या ट्रॅपमधून, वास आणि झुरळं दोन्ही वर येतात. मशीनचं पाणी त्याच ट्रॅपमध्ये सोडणार असाल तर ते जोरात येतं हे प्लंबरला आधी सांगा. फरशी फोडायची असेल तर सोसायटीला लेखी कळवून मगच फोडा, कारण खालच्या घराच्या छताचं वॉटरप्रूफिंग तिथेच असतं.

सिंक बसल्यावर लगेच पैसे देऊन मोकळे होऊ नका. बूच लावून काठोकाठ पाणी भरा, तासभर थांबा, मग बूच काढा. पाणी वाहून जात असताना खाली वाकून प्रत्येक सांध्याला कोरडा टिश्यू लावून बघा. तो कोरडाच निघाला की प्लंबरचे उरलेले पैसे द्या.