पायी वारी: पाय आणि पोट दोन्ही सांभाळून

आषाढीच्या वारीत उपाशी कोणी राहत नाही. आळंदी ते पंढरपूर सुमारे 250 किलोमीटरच्या वाटेवर कोणी ना कोणी "माऊली, थांबा" म्हणत चहा, पोहे, केळी, बुंदी, मसालेभात हातावर ठेवतंच. पोट बिघडतं ते या आग्रहामुळे, म्हणून काय खायचं यापेक्षा कशाला हात जोडायचे हे आधी ठरवून निघा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दिंडीत नाव नोंदवावं. भिशी (दिंडीतल्या जेवणखाणाची वर्गणी) भरताना विचारून घ्या: जेवण दोन्ही वेळचं आहे का, सामानाला ट्रक आहे का, पाण्याचा टँकर आणि बायकांसाठी शौचालयाची सोय आहे का. ट्रक पुढे जाऊन मुक्कामावर स्वयंपाकाला लागतो, त्यामुळे दिंडी चुकली की जेवणही चुकतं. आपली दिंडी पालखीच्या रथापुढची की रथामागची आणि तिचा क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवा. गर्दीत फोन लागेलच असं नाही.

सगळ्यांत कठीण दिवस पुणे ते सासवड. अंतर तीस किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाट, आणि माऊलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघत असल्याने हा टप्पा बहुधा एकादशीलाच येतो. म्हणजे सर्वांत जास्त चाल उपवासाच्या पोटी. इथे साबुदाण्याची खिचडी दोन-दोन बश्या खाऊन घाट चढायला लागणारे वर पोहोचेपर्यंत जळजळ आणि तहानेने हैराण होतात. साबुदाणा, शेंगदाणे, तूप हे सगळं पचायला जड. सकाळी अर्धी बशी पुरे. पुढे तासा-दीड तासाने एक केळं किंवा एक राजगिऱ्याचा लाडू. वडकीला विसाव्यात भगर-आमटी मिळाली तर ती खिचडीपेक्षा बरी. पाण्यात लिंबू, साखर, सैंधव घालून घोट-घोट घेत राहा.

इतर दिवशी न्याहारी हलकी, दुपारी विसाव्याला अर्धपोट आणि रात्री पंगतीत पोटभर, हा क्रम पायांना मानवतो. दुपारी लापशी-पुरीवर ताव मारला की पुढचे दहा किलोमीटर जड जातात.

चवीचं म्हणाल तर वाट बदलते तशी ताटलीही बदलते. तुकोबांच्या पालखीबरोबर असाल तर यवतचं पिठलं-भाकरी चुकवू नका. अख्खं गाव त्यासाठी राबतं. माऊलींच्या वाटेवर नातेपुत्याकडे सोलापूर जिल्हा लागला की ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी यांचं राज्य. कुठे हुलग्याचं माडगं दिसलं तर पावसात भिजल्यावर ते गरमागरम प्या: हुलग्याचं पीठ, गूळ, सुंठ. चहाच्या पाचव्या कपापेक्षा शंभर पटींनी चांगलं.

भाकरी बांधून घ्यायची असेल तर आधी पूर्ण गार होऊ द्या आणि सुती फडक्यात गुंडाळा. गरम भाकरी प्लास्टिकच्या पिशवीत घातली की वाफेने ओली होते आणि आंबूस लागते. सुक्या चटणीच्या डब्यात ओला चमचा घालू नका.

नाही म्हणायचं ते यांना: सकाळी शिजवून झाकून ठेवलेला भात (कोमट भातात जिवाणू वाढतात, नंतर गरम करूनही त्यांचं विष जात नाही), कापलेली फळं, खव्याची मिठाई, आणि कुठल्या पाण्याचं ते ठाऊक नसलेलं ताक. वाफाळतं अन्न आणि सालीसकट फळ बहुतेक वेळा सुरक्षित. साबणाची वडी जवळ असू द्या. ताटलीपेक्षा हातांनीच जास्त घोटाळा होतो. मधुमेह असणाऱ्यांनी वाटेतल्या बुंदी-शिऱ्याला कपाळाला लावून पुढे द्यावं, पण खिशात साखर ठेवावी, कारण गोळी घेऊन दिवसभर चालताना साखर एकदम उतरू शकते.

जुलाब लागलेच तर ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. ताप आला किंवा रक्त दिसलं तर थेट वाटेवरचं आरोग्य पथक गाठा.

पायांसाठी दीड-दोन महिने आधी रोज चालायला लागा, शेवटी सलग पंधरा किलोमीटर जमलं पाहिजे. नवे बूट वारीत पहिल्यांदा घालू नका. ओले मोजे लगेच बदला, कारण भिजलेली कातडी मऊ पडून घासते आणि फोड येतो. सकाळी बोटांच्या मध्ये व्हॅसलीन लावा. फोडाची कातडी सोलू नका. फारच ताणला असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा आणि पट्टी लावा.

पंढरपुरात एकादशीची दर्शनबारी तासन् तास चालते. रांगेत उभं राहायचं तर पाण्याची बाटली, चार राजगिऱ्याचे लाडू, चुरमुरे-फुटाणे मात्र बारस सोडल्यावर. आणि बारशीच्या पंगतीतलं गोड जेवून लगेच एसटीत बसू नका, दोन तास जाऊ द्या.