टँकचा कॅमो रंगवताना या चुका टाळा

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या शेजारच्या मुलानं पँझर-फोर या जर्मन टँकचं मॉडेल आणून माझ्या टेबलावर ठेवलं. १/३५ स्केल, सांधे सफाईदार, साखळ्या नीट बसलेल्या, आणि अंगभर एकसारखा गडद राखाडी. "काका, पोलंड १९३९ केलाय."

म्हणजे १९३९ मध्ये पोलंडवर चालून गेलेला जर्मन टँक. मी चष्मा पुसला. टँकच्या दोन्ही बाजूंना पातळ पत्र्याची झालर होती आणि पुढच्या पत्र्यावर झिमरिटचे कंगोरे. झिमरिट म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मनांनी थापलेला लुकणासारखा लेप. तो १९४३ च्या उत्तरार्धात आला आणि सप्टेंबर १९४४ मध्ये बंद झाला. झालरही १९४३ चीच. पोरानं टँक चार वर्षं आधीच पोलंडला पोचवला होता.

"पण जर्मन टँक राखाडीच असतात ना?"

बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात. आपण देश बघून रंग ठरवतो, तारीख बघत नाही. जर्मन चिलखती गाड्यांचा गडद राखाडी, म्हणजे राल या जर्मन रंगसूचीतला ७०२१, हा फेब्रुवारी १९४३ पर्यंतचा मामला. त्या महिन्यात हुकूम निघाला की यापुढे मूळ रंग गडद पिवळा, डुंकेलगेल्ब. त्यावर लालसर तपकिरी आणि ऑलिव्ह हिरवा पथकानं स्वतः मारायचा. त्यामुळे जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत उतरलेला पँथर टँक राखाडी रंगवला तर चूक, आणि १९४४ चा किंग टायगर राखाडी केला तर घोडचूक. आफ्रिकेचं उलटं. वाळवंट म्हटलं की आपला हात आपोआप पिवळ्या बाटलीकडे जातो, पण मार्च १९४१ च्या सुरुवातीला लिबियातल्या त्रिपोलीच्या बंदरावर उतरलेले जर्मन टँक युरोपातल्याच राखाडीत होते. वाळवंटी रंगांचा हुकूम त्यानंतर, मार्चच्या मध्यात निघाला.

म्हणून किट उघडल्यावर आधी साचा वाचा. झालर आहे का, झिमरिट आहे का, तोफेच्या तोंडाशी धक्का कमी करणारा ब्रेक आहे का, हेडलाइट एक की दोन. हे तपशील टँकची जन्मतारीख सांगतात. रंगाची बाटली त्यानंतर.

आता पोलंडचंच घ्या. पोरानं योग्य साच्याचा टँक घेऊन तो नुसता राखाडी रंगवला असता, तरीही चूकच झाली असती. ही चूक माझ्या पिढीनं वर्षानुवर्षं केली आहे. जुलै १९३७ च्या हुकमानुसार जर्मन टँक दोन तृतीयांश गडद राखाडी आणि एक तृतीयांश गडद तपकिरी असायचे. तपकिरी बंद झाला तो १९४० च्या उन्हाळ्यात. म्हणजे सप्टेंबर १९३९ मध्ये वॉर्साकडे निघालेल्या टँकवर तपकिरी पट्टे होते. मग ते कुणाला दिसले कसे नाहीत? कारण फोटो कृष्णधवल. गडद राखाडी आणि गडद तपकिरी यांची छटा कृष्णधवल फिल्मवर इतकी सारखी उतरते की धुळीनं माखलेल्या टँकवर दोन रंग वेगळे काढणं जवळपास अशक्य. फोटोत एकच रंग दिसला, म्हणून टँकवर एकच रंग होता असं सगळ्यांनी धरून चाललं. पुढे जुने हुकूम वाचले गेले, आणि नीट छापलेल्या काही फोटोंत पट्ट्यांच्या कडा सापडल्या.

कृष्णधवल फोटो आणखीही फसवतो. त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म बरीच वापरात होती. तिला तांबडा दिसत नाही, म्हणून लाल रंग काळपट उतरतो आणि निळा फिकट. फिल्म कुठली हे माहीत नसताना "हा पट्टा जास्त काळा, म्हणजे हिरवाच" असं छातीठोकपणे म्हणू नये. मी म्हणायचो, आणि महूच्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी माझी चांगली खोड मोडली. त्यांनी आपल्याच पलटणीचा एक जुना फोटो समोर ठेवला आणि गाडीचा रंग विचारला. मी हिरवा म्हणालो. ती रेडक्रॉसची पांढरी गाडी होती, चिखलात लोळलेली.

संग्रहालयावर डोळे मिटून विश्वास टाकणं ही पुढची चूक. आपल्याकडच्या टँकप्रेमी मराठी माणसाची पंढरी म्हणजे अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय. जरूर जा, चाकं, बोल्ट, वेल्डिंगचे सांधे बघावेत तर तिथेच. पण उघड्यावर उभी असलेली वस्तू दर काही वर्षांनी पुन्हा रंगवली जाते, आणि रंगवणारा त्या दिवशी हाताशी असलेला डबाच वापरतो. चौकात ठेवलेल्या टँकचं तर विचारूच नका. त्यांच्यावर सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तसला चकचकीत ऑइलपेंट असतो. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल ज्या सेंच्युरियन टँकमधून लढले तो 'फामागुस्ता' नावाचा टँक पुढे दुरुस्त करून जपला गेला. त्याची रचना बघून मॉडेल करा, पण त्या दिवशीची धूळ आणि काजळी आजच्या रंगात शोधू नका.

ही फसगत परदेशातही होते. १९४०-४१ मध्ये इजिप्तमधल्या ब्रिटिश टँकवर काउंटर नावाची तिरक्या सरळ पट्ट्यांची तीनरंगी योजना होती. त्यातला एक रंग होता 'सिल्व्हर ग्रे', प्रत्यक्षात हिरवटसर राखाडी. युद्धानंतर एका संग्रहालयातल्या मटिल्डा या ब्रिटिश टँकवर त्या जागी आकाशी निळा लागला, आणि मग जगभरातल्या टेबलांवर निळे मटिल्डा तयार होत राहिले. माझ्याही कपाटात एक आहे.

बाटलीवरच्या नावाचंही तसंच. 'डार्क यलो' लिहिलेल्या तीन कंपन्यांच्या तीन बाटल्यांतून एक मोहरीसारखा निघतो, एक वाळूसारखा, एक चक्क हिरवट. कोण खरा? खरं तर तिन्ही चालतील. हिरवा आणि तपकिरी रंग पथकांना घट्ट लगद्याच्या रूपात डब्यांतून मिळायचे. पाणी मिळालं तर पाण्यात कालवायचे, नाहीतर पेट्रोलमध्ये. ज्यानं जास्त पातळ केला त्याचा पट्टा फिका. म्हणून छटेवरून भांडणाऱ्यांशी मी आताशा वाद घालत नाही. तारखेवरून मात्र घालतो.

अमेरिकन टँकच्या ऑलिव्ह ड्रॅब रंगाला हिरवा समजू नका. तो मुळात पिवळी माती आणि काळा यांचा मेळ. खजुरी बाजारातून यलो ऑकर आणि काळ्या अॅक्रिलिकची एकेक ट्यूब आणा, ऑकरमध्ये काळ्याचा थेंब थेंब टाकत जा. हिरव्याचा कणही न घालता डोळ्यांसमोर ऑलिव्ह उतरतो. हे एकदा करून बघितलं की शर्मन या अमेरिकन टँकला पोपटी करण्याचा मोह कायमचा जातो. आणि रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नका. रात्री जुळलेला रंग सकाळी खिडकीशी नेला की भलताच दिसतो.

रंग बरोबर असूनही मॉडेल खेळण्यासारखं दिसतं, तेव्हा दोष बहुधा कडांचा असतो. स्प्रे-गननं मारलेल्या पट्ट्याची पुसट कड खऱ्या टँकवर समजा दोन सेंटीमीटर असेल, तर १/३५ ला ती अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम जास्त भरते. आपला एअरब्रश पाच मिलिमीटरचा धूसर पट्टा सोडतो, म्हणजे खऱ्या मापानं साडेसतरा सेंटीमीटर! हवेचा दाब कमी करा, रंग पातळ करा, नोझल जवळ न्या. तरीही जमत नसेल तर कडेला मऊ चिकटमातीची सुरळी लावा. छोट्या स्केलला रंग थोडा उजळावा लागतो, विशेषतः १/७२ ला. पण लाल-तपकिरीत पांढरा घालू नका, गुलाबी होतो. मूळ पिवळ्याचे दोन थेंब घाला.

आता हवामानाची कटकट. मे महिन्यात दुपारी आपल्या इंदूरात अॅक्रिलिक हवेतच सुकतं आणि मॉडेलवर रव्यासारखी खरखर बसते. पहाटे फवारा, रंग सावकाश सुकवणारा रिटार्डर वापरा. पावसाळ्यात मॅट वार्निशवर पांढरी बुरशी चढल्यासारखं दिसलं तर घाबरू नका, ओलावा अडकलाय. कोरडा दिवस बघून वर ग्लॉसचा हात द्या, सुकला की पुन्हा मॅट.

चिखलाबद्दल एक गंमत. आपली माळव्याची काळी माती लिबियाच्या देखाव्याला अजिबात चालत नाही, पण युक्रेनची जमीनही काळीच. खारकोव्हचा चिखल करायचा असेल तर घरामागची माती चाळून, भाजून घ्या.

पोराच्या पँझरचं काय केलं, तर राखाडी खरवडला नाही. झिमरिटच्या कंगोऱ्यांतून तो निघतही नाही. गडद राखाडीवर पिवळा थेट मारला तर मळकट हिरवा दिसतो, म्हणून मधे फिक्या राखाडीचा एक हात दिला, मग पिवळ्याचे तीन पातळ थर. खाचांत राहिलेल्या गडद रंगानं सावलीचं काम आयतं केलं. एवढ्यात पोरगा ब्रशच्या टोकानं राखाडी पोपडे काढायला निघाला होता. त्याला थांबवलं. पिवळ्याखालून राखाडी दिसेल तो १९४३ आधी बनलेल्या आणि नंतर पुन्हा रंगवलेल्या टँकचा. ह्याच्या पिवळ्याखाली लाल प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, तोच हवा.

"म्हणजे खरचटलेल्याचीही तारीख असते का काका?" त्यानं विचारलं, आणि राखाडी बाटलीचं झाकण लावलं.