तापमानाचा प्रोब किती मागे राहतो, ते असं मोजा

प्रोबचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा आकडा खात्रीच्या उपकरणाशी ताडून बघणं, स्थिर तापमानाला होतं. त्यामुळे दाखला चोख असलेला प्रोबही तापमान चढत असताना कमी दाखवतो. किती कमी, ते ठरतं त्याच्या टाइम कॉन्स्टंटवर (तापमान एकदम बदललं की त्या बदलाचे ६३.२ टक्के दाखवायला प्रोबला लागणारा वेळ), आणि तो वर्कशॉपमध्येच काढता येतो.

पाचेक लिटरच्या पातेल्यात पाणी ८० अंशांपर्यंत तापवा आणि सतत ढवळत राहा. ढवळलं नाही तर प्रोबभोवती थंड पाण्याचा थर धरतो आणि उत्तर फुगतं. ६ मिमीचा प्रोब निदान ६० मिमी बुडायला हवा. बुडवण्याआधी तो पातेल्यावर धरू नका, वाफेनेच आकडा चढायला लागतो. मोबाइलवर इंडिकेटरचा व्हिडिओ सुरू करा, प्रोब झटकन बुडवा आणि आकडा थांबेपर्यंत हलवू नका.

समजा सुरुवात २८ला, शेवट ८०ला. फरक ५२. त्याचे ६३.२ टक्के म्हणजे ३२.९, म्हणून आकडा ६०.९ला पोचायला लागलेला वेळ हा टाइम कॉन्स्टंट. तो १२ सेकंद आला असं धरू. मग २४ सेकंदांना ७३.० आणि ३६ सेकंदांना ७७.४च्या जवळपास आकडा दिसायला हवा. ही पडताळणी टाळू नका. सुरुवातीला आकडा काही सेकंद हललाच नाही आणि मग उसळला, तर मामला एका टाइम कॉन्स्टंटचा नाही. बहुधा थर्मोवेलमधली (प्रोब ज्यात बसवतात त्या संरक्षक नळीतली) हवेची पोकळी आडवी येते आहे (प्रोबचं टोक तळाला टेकतं का, आधी बघा) किंवा इंडिकेटरचं फिल्टर (आकड्याची थरथर दाबणारी सेटिंग) जास्त ठेवलेलं आहे. फिल्टर शून्यावर आणून पुन्हा मोजा.

आता या १२ सेकंदांचा उपयोग. पाण्याची टाकी मिनिटाला ६ अंश, म्हणजे सेकंदाला ०.१ अंश चढत असेल, तर सुरुवातीचा काही काळ सोडला की प्रोब सतत ०.१ × १२ = १.२ अंश मागे. तापमान मिनिटाभराच्या फेऱ्यात ५ अंश वरखाली होत असेल, तर इंडिकेटरवर जेमतेम ३.१ अंशांचा झोका दिसेल, तोही साधारण साडेआठ सेकंद उशिरा. अशा वेळी आकडा शांत दिसतो म्हणून कंट्रोल चांगला चाललाय असं समजणं महागात पडतं.

पाण्यात काढलेला आकडा हवेच्या भट्टीला मात्र लावू नका. हवेतून प्रोबला उष्णता फार सावकाश मिळते, तोच प्रोब तिथे कितीतरी पट मंद होतो. भट्टीसाठी चाचणी भट्टीतच घ्या, पंखा चालू ठेवून.