शरीराचे रेकॉर्ड नुसते वाचू नका, घरी मोजून बघा

पुण्याच्या श्रीधर चिल्लाल यांचं नाव ऐकलं असेल, डाव्या हाताची नखं १९५२ पासून ठेवली ती थेट २०१८ ला न्यूयॉर्कमध्ये कापली, पाचही मिळून ९०९.६ सेंमी, एकट्या अंगठ्याचं १९७.८. ऐकलं की वाटतं या माणसाची बॉडीच वेगळी असणार. तर आपल्या अंगठ्यावर मोजा आणि मग बोला.

त्यासाठी मेंदी लागते. लग्नाबिग्नात लावलेली मेंदी कातडीवरून आठ-दहा दिवसांत जाते पण नखावरची जात नाही, नख वाढेल तशी पुढे सरकते आणि मुळाशी कोरा पट्टा दिसायला लागतो. घरात लग्न नसेल तर कोन आणून मुद्दाम लावा, अगदी मुळापर्यंत, आणि महिन्याने तो कोरा पट्टा पट्टीने मोजा. माझा अडीच मिमीच्या आसपास भरला. आता ६६ वर्षं म्हणजे ७९२ महिने, गुणिले २.५, किती झाले? १९८० मिमी, म्हणजे १९८ सेंमी! नख आपल्याच स्पीडने वाढत होतं हो, त्यांनी फक्त कापलं नाही. त्यापायी हात मात्र कायमचा आखडला, तेव्हा मोजून झालं की नेलकटर घ्या. आणि पायाच्या नखावर हा उद्योग करू नका, ते साधारण निम्म्याच स्पीडने वाढतं, कंटाळून जाल.

दुसरं म्हणजे उंची. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, अनवाणी भिंतीला टाचा टेकवून उभं राहा, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरून कोणालातरी पेन्सिलची खूण करायला सांगा, रात्री झोपताना परत तेच. सेंटिमीटरभर तरी कमी भराल. मणक्यांमधल्या गाद्यांतलं पाणी दिवसभराच्या वजनाने दाबलं जातं आणि रात्री आडवं झालं की परत भरतं. जास्तीची घट उठल्यावर पहिल्या तासा-दोन तासांतच होते म्हणून ते चहाचं सांगितलं. पोलीस भरतीत पोरांना १६५ सेंमी लागते, काठावरच्याला हा सेंटिमीटर विचारा.

तिसरं पोरांना जाम आवडतं. रेघांच्या वहीत एकाच रेघेवर डावीकडे अधिकचं चिन्ह, त्याच्या उजवीकडे ८ सेंमीवर मोठा ठिपका. डावा डोळा झाका, उजव्याने फक्त अधिककडे बघा आणि वही हातभर लांबून हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंमीवर ठिपका गायब! डोळ्यातून नस जिथून मेंदूकडे निघते तिथे पडद्यावर दिसायची सोयच नाही. पण खरी गंमत पुढे आहे, ठिपक्याच्या जागी भोक नाही दिसत, वहीची रेघ सलग दिसते, म्हणजे मेंदू चक्क थाप मारून जागा भरतो. पोरं हमखास चोरून ठिपक्याकडे बघतात आणि तो लगेच परत येतो, मग आपलं चालूच, अधिककडे बघ रे, अधिककडे.